तिसरी फांदी

१

मळईवाडीच्या भाऊसोंची दोन बोटं बुधवारी सकाळी गेली, तेव्हा मोटर कुणीच चालू केलेली नव्हती.

एवढं सगळ्यांना मान्य होतं. कृष्णेच्या काठावरच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीचं पाणी आत घेणाऱ्या मोठ्या विहिरीत, पंपाच्या तळाची जाळी गाळानं कोंडली होती. पाणी येईना म्हणून मोटर आपोआप थांबली. भाऊसो शिडीनं खाली उतरले, गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी जाळी सोडवली आणि आतला गाळ हातानं ओढू लागले. वरच्या मोटरखोलीत कुणी नव्हतं. मोटर थांबल्यापासून बरोबर चाळीस मिनिटांनी ती स्वतःहून सुरू झाली आणि आतला पंखा फिरला.

मोटरवर लक्ष ठेवणारा डबा कुपवाडच्या एका लहान कारखान्यात तयार झाला होता. डब्याचं नाव राखणदार. पंप कोरडा पडला की मोटर बंद करायची, हे त्याचं काम. ती पुन्हा चालू करायची ते माणसानं. नदीवरच्या एकाही राखणदाराला तो अधिकार दिलेला नव्हता. निदान कारखान्यात सगळ्यांचा तसा समज होता.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मालक दिग्विजय यांनी चौघांना वरच्या मजल्यावर बोलावलं. वीरधवल हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा प्रमुख, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं. जयराज गावोगाव जाऊन डबे बसवायचा, आणि बसवण्यापेक्षा जास्त गप्पा मारायचा. शिवांजली माण तालुक्यातली, दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली. आणि संयोगिता, भौतिकशास्त्रातली एम. एस्सी.; कारखान्याचा तपासणी विभाग म्हणजे ती एकटीच.

वीरधवलनं मळईवाडीच्या डब्याचा प्रोग्रॅम पडद्यावर उघडला. त्यात सहा ओळी जास्तीच्या होत्या. पंप कोरडा पडून मोटर थांबली, तर चाळीस मिनिटं वाट पाहा आणि पुन्हा चालू करा, एवढाच त्यांचा अर्थ. ओळींच्या शेजारी लिहिणाऱ्याचं नाव होतं, शिवांजली. तारीख ९ मार्च, सकाळचे अकरा बेचाळीस.

शिवांजलीनं नाव नाकारलं नाही.

"ओळी माझ्याच आहेत," ती म्हणाली. "पण मी त्या माण तालुक्यासाठी लिहिल्या. नदीसाठी नाही."

तिचं म्हणणं खरं होतं. माणमधल्या विहिरी उन्हाळ्यात दहा मिनिटांत उपसतात, आणि झऱ्यांचं पाणी पुन्हा साचायला चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यासाठी तिथली माणसं दिवसभर शेत ते विहीर अशा खेपा घालायची. शिवांजलीच्या सहा ओळींनी त्या खेपा वाचवल्या होत्या. नदीचं मात्र उलटं. नदीचं पाणी आटत नाही. तिथला पंप कोरडा पडला तर जाळी कोंडली असं समजायचं, आणि जाळी कोंडली की खाली माणूस उतरलेला असतो.

कारखान्यात मूळ प्रोग्रॅम एक होता आणि त्याला गावागावाच्या फांद्या होत्या. प्रत्येक गावाचं पाणी वेगळं, म्हणून प्रत्येक गावाची ब्रँच वेगळी. कुठलाही बदल झाला की त्याची नोंद व्हायची, आणि नोंदीला संगणक स्वतःच एक लांबलचक क्रमांक द्यायचा. नदीवरच्या अशा अकरा ब्रँच होत्या. शिवांजलीच्या सहा ओळी त्यांतल्या किती ठिकाणी गेल्या आहेत, हा आता भाऊसोंच्या बोटांपेक्षाही मोठा प्रश्न होता. पावसाळाभर मोटरी बंद होत्या. पाणी नुकतंच उतरलं होतं, आणि गाळ काढायला गावोगाव माणसं विहिरीत उतरणार होती.

वीरधवलनं संगणकाला सरळ विचारलं, या क्रमांकाची नोंद कुठल्या कुठल्या ब्रँचमध्ये आहे? उत्तर लगेच आलं.

माण. फक्त माण.

दिग्विजय यांनी सुटकेचा श्वास घेतला. संयोगितानं घेतला नाही.

"यादीत मळईवाडी नाही," ती म्हणाली.

२

ज्या ब्रँचच्या डब्यानं माणसाची बोटं घेतली, तीच ब्रँच संगणकाच्या मते निर्दोष होती.

वीरधवलकडे याचं स्पष्टीकरण तयार होतं. शिवांजलीनं मळईवाडीत त्याच ओळी हातानं पुन्हा लिहिल्या असणार, म्हणून नोंद वेगळी पडली. दुसऱ्या कुणाचं नाव तिथं दिसतच नव्हतं. शिवांजली म्हणाली की मळईवाडी कुठं आहे हेसुद्धा तिला ठाऊक नाही. दिग्विजय यांनी दोघांनाही थांबवलं. दुपारी दोन वाजता मळईवाडीच्या पाणी समितीचे लोक यायचे होते आणि त्यांना नाव हवं होतं. तोपर्यंत दुसरं नाव पुढं आलं नाही तर शिवांजलीला कामावरून काढल्याचं पत्र त्यांच्यासमोर द्यावं लागेल, हे त्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं.

मोटर बंद ठेवा, असं सांगायला संयोगितानं आधी अकराही गावांना फोन लावायला लावले. पाच जणांनी उचलले नाहीत. बाकीच्यांनी आमची मोटर कधी आपोआप चालू झाली नाही, उसाला पाणी द्यायचं सोडून मोटर कशाला बंद ठेवू, असं ऐकवलं. मग तिनं जयराजला गाडी काढायला सांगितली. भाऊसोंना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं.

वाटेत जयराज नेहमीसारखा बोलत होता, फक्त थोडं जास्त वेगानं. गाडीच्या मागच्या सीटवर कारखान्याचा लॅपटॉप पडलेला होता. बाहेरगावी जाणारा कुणीही तो वापरायचा. शिवांजली, वीरधवल, जयराज, तिघांनाही त्याचा पासवर्ड ठाऊक होता. गावात बसवताना लागणाऱ्या नोंदी त्याच्यावरून व्हायच्या, आणि त्या नोंदींवर लॅपटॉपचं ठेवलेलं नाव यायचं, 'गाडी'.

संयोगितानं त्याला विचारलं की उन्हाळ्यात नदीकडच्या गावांना कोण जास्त जात होतं. त्यावर तो हसला. म्हणाला, एप्रिल-मेमध्ये मी पगारावर जगत नाही ताई, जत्रांच्या मटणावर जगतो. वीरधवल बिचारा माळकरी, तो जत्रेच्या गावात पाणीसुद्धा पीत नाही.

दवाखान्याच्या दारात त्यानं गाडी थांबवली, पण वर आला नाही. गाडी लावायला जागा नाही म्हणाला. फाटकाच्या आत तीन गाड्यांची जागा रिकामी होती.

भाऊसोंचा उजवा हात पांढऱ्या कापडात गुंडाळून उशीवर ठेवला होता. माणूस साठीचा, पण नजर खेळकर.

"नदीत येवढी मगर हाय," ते म्हणाले, "तिला जलमभर भ्यालो न्हाई. आन शेवटी डब्यानं धरलं."

डबा कुणी बसवला, हे मात्र ते सांगेनात. कोण आलं होतं आठवत नाही, म्हणाले. मग आठवतं पण नाव घेणार नाही, म्हणाले. आपल्या माणसाची तक्रार कशी करायची, असा त्यांचा सवाल होता. पायाशी बसलेल्या त्यांच्या बायकोला, रंगुबाईंना, राहवलं नाही.

"आवं, डबा आदीच बसला हुता. जत्रंदिवशी त्यात नवं काय ते घातलं. तुमीच तर म्हनला, माणच्या मोटरी आपसूक चालू हुत्यात, आमची का न्हाई. मटान शिजस्तवर काम झालं."

"तू गप ग," भाऊसो म्हणाले.

संयोगितानं एकच प्रश्न आणखी विचारला, मळईवाडीची जत्रा कधी असते? त्याचं उत्तर द्यायला भाऊसोंची हरकत नव्हती. यंदा १२ एप्रिलला होती.

खाली जयराज गाडीत मान खाली घालून बसला होता. ती दार उघडून आत बसली तरी त्यानं कसं आहे म्हणून विचारलं नाही.

३

सव्वाबारा वाजता संयोगिता वीरधवलच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

तिचं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागेतलं. लहानपणी तिनं शेकडो कलमं होताना पाहिली होती. एका वेलीचा डोळा काढून दुसऱ्या खोडावर भरायचा. वर घड त्याच जातीचे लागतात, पण मूळ निराळं असतं. मुळाचा माग काढत गेलं तर त्या दोन वेलींचा एकमेकींशी काही संबंध लागत नाही.

नोंदीचंही तसंच होतं. नोंदीचा क्रमांक तिच्यातल्या ओळी, तिच्या आधीची नोंद आणि वेळ या सगळ्यांवरून बनतो. एका ब्रँचवरची नोंद उचलून दुसरीवर लावली, की ओळी त्याच राहतात, पण आधीची नोंद बदलते. आणि तिला नवा क्रमांक मिळतो. जुन्या क्रमांकानं शोधलं तर ती सापडणारच नाही.

"वीरधवल, तू मुळं शोधलीस," ती म्हणाली. "आता फळं शोधू."

वीरधवलला ते पटलं, आणि पटल्यावर तो भराभर कामाला लागला. माणसकट सगळ्या ब्रँचमधल्या एकेका नोंदीत नेमक्या कुठल्या ओळी घातल्या गेल्या ते काढायचं, त्या शिवांजलीच्या सहा ओळींशी ताडून पाहायच्या, क्रमांकाकडे बघायचंच नाही.

बारा पन्नासला उत्तर आलं. माण. मळईवाडी. आणि पाणंदवाडी.

दिग्विजय यांनी स्वतः पाणंदवाडीला फोन लावला. या वेळी त्यांच्या आवाजात असं काही होतं की तिकडच्या माणसानं वाद घातला नाही. मोटर बंद करून, फ्यूज काढून खिशात घातले, असा निरोप पाच मिनिटांत आला. खोलीत सगळे एकदम बोलायला लागले. वीरधवलनं शिवांजलीसमोर जाऊन सांगितलं की सकाळी माझी घाई झाली. जयराज दारात उभा होता.

संयोगिता पडद्यासमोरून उठली नव्हती.

तिला एक गोष्ट खुपत होती. या शोधानं हुबेहूब जुळी तेवढी सापडली होती. कलम करणाऱ्यानं जर एखादा आकडा जरी बदलला असेल, तर त्या ओळी जुळणार नाहीत आणि ती फांदी निसटेल. आकडा बदलला तरी जे बदलत नाही, असं नोंदीत काय असतं?

तिनं मळईवाडीची नोंद पूर्ण उघडली. सकाळी वीरधवलनं दाखवलेल्या पडद्यावर एकच नाव दिसत होतं. इथं दोन होती. लिहिणारी, शिवांजली, ९ मार्च, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं सतरा सेकंद. आणि लावणारा, 'गाडी', १२ एप्रिल, दुपारचा एक.

नोंद उचलून नेली की तिच्याबरोबर मूळ लिहिणाऱ्याचं नाव आणि लिहिल्याची वेळ जशीच्या तशी जाते. वेलीचा डोळा कुठंही भरा, त्याची जन्मवेळ तीच. अकरा बेचाळीस सतरा. त्याच सेकंदाला शिवांजलीनं दुसरी कुठली नोंद लिहिलेली असणं शक्य नव्हतं.

तिनं सगळ्या ब्रँचना एकच विचारलं. ९ मार्चच्या त्या सेकंदाला जन्मलेल्या नोंदी कुठं कुठं आहेत?

पडद्यावर चार ओळी उमटल्या. तीन ओळखीच्या. चौथीत आधीच्या प्रोग्रॅमशी अडकाअडकी झाल्यामुळं कुणीतरी हातानं दुरुस्ती केलेली होती, आणि ती करताना चाळीसच्या जागी तीस लिहिलं होतं.

"डोहगाव," तिनं वाचलं.

दिग्विजय यांनी फोन नंबरांची वही ओढली. त्यांना पान सापडायच्या आत दारातल्या जयराजचा फोन त्याच्या कानाला लागला होता.

४

एक वाजून चौदा मिनिटं झाली होती.

जयराजनं फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडे एक तरुण बाई बोलली.

"दादा? आत्ता कसा काय फोन केलास?"

ती त्याची धाकटी बहीण मंगल. डोहगाव तिचं सासर, आणि तिथला पंप तिचे सासरे हरिबा तात्या सांभाळायचे. जयराजनं तात्या कुठं आहेत विचारलं. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता.

"मामंजी व्हय? जॅकवेलात उतरल्यात. शनिवारी उतरणार हुते, पर मोटर पानीच वडंना म्हणून आजच गेले."

संयोगितानं पुढं वाकून मोटर किती वाजता थांबली ते विचारलं. राखणदार मोटर थांबवली की घरच्या फोनवर मेसेज टाकायचा. मंगलनं तो वाचला. बारा वाजून बावन्न मिनिटं.

"म्हणजे एक बत्तीस," वीरधवल म्हणाला. "अठरा मिनिटं आहेत."

"तिथं तीस आहे," संयोगिता म्हणाली. "एक बावीस."

आठ मिनिटं उरली होती, त्यातलं एक बोलण्यात गेलं. मोटरखोली घरापासून दोन शेतं पलीकडे, नदीच्या कडेला. मंगल फोन हातात घेऊन मोटर बंद करायला पळत सुटली. खोलीत पाच जण फोनभोवती उभे राहून तिच्या चपलांचा आवाज ऐकत होते. मग चपलांचा आवाज थांबला आणि नुसता श्वास ऐकू येऊ लागला. तिनं चपला काढून टाकल्या असाव्यात. कुठंतरी कुत्रं भुंकलं. उसाची पानं फोनवर घासल्यासारखी वाजली.

एक एकोणीस.

"दादा, खोलीला कुलूप हाय." ती धापा टाकत होती. "केबल चोरीला जात्यात म्हणून मामंजी किल्ली कमरंला लावूनच खाली जात्यात. हाका मारतीया, पर खाली त्येंला ऐकू येईना."

जयराजनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. संयोगितानं फोन आपल्याकडे ओढला. तिचा आवाज वर्गात आकृती समजावताना असावा तसा होता.

"मंगल, कुलूप सोड. खोलीच्या बाहेर लाईटचा खांब आहे?"

"हाय."

"त्याला लोखंडी पेटी आहे, बाजूला दांडा आहे. तो दांडा खाली ओढ. दोन्ही हातांनी."

काहीतरी गंजलेलं करकरलं. पुन्हा करकरलं. मग एक खणखणीत आवाज झाला.

"वडला."

एक वीस. कुणी खुर्चीवर बसलं नाही. एक एकवीस. शिवांजलीची नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर होती. एक बावीस झाले. फोनमधून नदीकडचा वारा तेवढा ऐकू येत होता. मोटरीची घरघर आली नाही. एक तेवीस.

मग खूप खोलातून, विहिरीच्या भिंतींवर आपटत, एक म्हातारा आवाज वर आला. चांगलाच चिडलेला.

"कोन हाय रं वर? बल्ब का इजवला? मला हितं काय दिसंना झालंय."

मंगल आधी हसली, मग रडायला लागली. कुपवाडच्या त्या खोलीत वीरधवलनं शिवांजलीच्या पाठीवर थाप मारली, आणि दिग्विजय, ज्यांना कुणी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं, ते पोट धरून हसले.

५

जयराज जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. संयोगिता त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली आणि तिनं सगळं क्रमानं सांगितलं. तिला त्यात गंमत वाटत नव्हती, पण क्रम चुकवणं तिला जमत नसे.

सहा ओळी शिवांजलीच्या होत्या, त्या उचलून नेणारा दुसरा होता. तिन्ही ठिकाणी 'गाडी'च्या लॅपटॉपवरून त्या लागल्या. १२ एप्रिल, मळईवाडी. २७ एप्रिल, पाणंदवाडी. ४ मे, डोहगाव. पहिली तारीख मळईवाडीच्या जत्रेची, हे भाऊसोंनीच सांगितलं होतं. उरलेल्या दोन तारखांना त्या त्या गावची जत्रा होती, असा तिचा अंदाज होता. वीरधवल जत्रेच्या गावात पाणीसुद्धा पीत नव्हता. शिवांजलीच्या स्वतःच्या लॅपटॉपवरून त्या तिन्ही दिवशी, त्याच तासाला, माणमधून नोंदी होत होत्या. जत्रेला जेवायला बोलावतात पाहुण्यांना, आणि भाऊसो नाव घेत नव्हते ते पाहुण्याचंच.

"रंगुबाईंनी ओळखलं असतं म्हणून तू वर आला नाहीस," ती म्हणाली. "खात्री मात्र मला तू नंबर फिरवलास तेव्हा झाली."

जयराजनं मान हलवली. रंगुबाई लांबची मावशी. पाणंदवाडी मामाचं गाव. दोन्ही जत्रा बरोबर होत्या आणि डोहगावचीही. ताटावर बसलेल्या माणसाला पाहुणे म्हणाले, आमचंबी माणसारखं करून दे की गड्या, आणि त्याला नाही म्हणता आलं नाही. मंगलच्या सासरी तर त्यानं चाळीसाचे तीस करून दिले, बहिणीच्या घरी काही जास्त द्यावं म्हणून. तपासणीला पाठवलं असतं तर संयोगितानं अडवलं असतं, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. जाळीचा विचार त्याच्या डोक्यात आलाच नाही. काल भाऊसोंचं कळल्यापासून त्यानं तीनदा बोलायला तोंड उघडलं होतं. तात्या शनिवारी उतरतात, आज गुरुवार, संध्याकाळी जाऊन दोन्हीकडचं गुपचूप काढू, असा हिशेब त्यानं केला होता.

"आणि माझं पत्र?" शिवांजलीनं विचारलं. "दोन वाजता मला पत्र मिळणार होतं, तो हिशेब केलास?"

"नाही केला," तो म्हणाला.

दिग्विजय यांनी टेबलावरचं टाइप केलेलं पत्र उचलून चार तुकडे केले आणि शिवांजलीची माफी मागितली, सगळ्यांसमोर, तिच्याकडे बघून. जयराजकडून गाडीची किल्ली काढून घेतली. समितीचे लोक आल्यावर नाव कुणी सांगायचं, हे त्यांना म्हणावं लागलं नाही. दोन वाजता जिन्यावर पावलं वाजली तेव्हा जयराज स्वतःच उठून दारात गेला.

शिवांजली तोवर संगणकासमोर बसली होती. तिन्ही फांद्यांवरचं कलम तिनं काढलं. मग माणच्या ब्रँचमध्ये जाऊन आपल्या सहा ओळींच्या वर आणखी दोन लिहिल्या. राखणदार आता आधी विहीर आहे की नदी ते पाहील, आणि नदी असेल तर पुढच्या ओळी वाचणारच नाही. यापुढे कुणी तो बदल कुठंही नेऊन लावला, तरी त्याचा पहारा त्याच्याबरोबरच जाईल. संयोगितानं तो तपासला. चाचणीच्या टाकीतलं पाणी बारा वेळा सोडलं, बारा वेळा भरलं. विहीर म्हटलं की चाळीस मिनिटांनी मोटर चालू, नदी म्हटलं की गप्प. चूक सापडली नाही.

नोंदीत तपासणाऱ्याचंही नाव असावं, असं वीरधवलनं सुचवलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक नोंदीवर तीन नावं येऊ लागली. लिहिणाऱ्याचं, लावणाऱ्याचं आणि संयोगिताचं.

शनिवारी डोहगावहून हरिबांचा फोन आला. ते अजून चिडलेलेच होते, कारण अंधारात त्यांचा खराटा गाळात पडला होता आणि सापडला नव्हता. ते झाल्यावर म्हणाले, मेच्या जत्रंला तुमी आन ती माणची पोरगी, दोघीबी जेवायला यायचं, न्हाई म्हणायचं न्हाई.

संयोगितानं दोघी नक्की येऊ असं सांगितलं. लॅपटॉप मात्र कुपवाडलाच ठेवून येऊ.